स्मेथिकच्या पबमध्ये एक माळकरी

लंडनबद्दल मी काहीही लिहिणार नाही. राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे हे आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी बघितलंय आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या फोनवर. आम्हीही बघितलं. गर्दी होती, पाय दुखले, एका थंडगार सँडविचला दिलेल्या पैशात कोल्हापुरात दोघांचं जेवण झालं असतं. संपलं लंडन.

मला लिहायचंय ते स्मेथिकबद्दल. हे नाव कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नसतं. बर्मिंगहॅमला लागून असलेलं हे जुनं कारखान्यांचं गाव. तिथे जाऊन फोटो काढावा असं फार काही नाही. आणि तिथल्या एका पबमध्ये आमची अख्खी दुपार गेली. हो, पबमध्ये. मी दारूच्या थेंबाला शिवत नाही आणि आमचे हे तर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि समोर बिअरचे नळ, असा यांचा फोटो भाच्याने काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर नणंदेचा जो फोन आला तो वेगळ्याच पोस्टचा विषय आहे.

पण आधी भाच्याच्या घराबद्दल. धाकट्या बहिणीचा मुलगा, बर्मिंगहॅमच्या कडेला नव्या वसाहतीत राहतो. घर देखणं, मागे हिरवळ, भिंती अशा की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी कळू नये. शिट्टी होतच नाही म्हणा. सकाळी गाड्या जातात, संध्याकाळी येतात, दारं लागतात. भाच्याला शेजारच्या माणसाचं नाव माहीत नव्हतं, त्याच्या कुत्र्याचं मात्र माहीत होतं. ह्यांची पंचाईत झाली. कोल्हापुरात हे पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात आणि फिरणं कमी, कठड्यावर बसून बोलणं जास्त. निवृत्त झाल्यापासून तोच त्यांचा कारखाना. इथे आल्यापासून खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. मी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "कोण दिसतंय का बघतोय."

ह्यांना जरा बाहेर काढावं म्हणून भाचा एका शनिवारी 'क्रुकेड हाउस' दाखवायला घेऊन निघाला. डडलीच्या पुढे, हिम्लीजवळ. १७६५ मध्ये बांधलेलं शेतघर, पुढे त्याचा पब झाला. खालून कोळसा उपसल्यामुळे जमीन खचली आणि इमारतीची एक बाजू चांगली चार फूट खाली गेली. तरी ती पडली नाही. टेकू आणि लोखंडी पट्ट्या देऊन तशीच तिरकी उभी ठेवली. आत टेबलावर गोटी ठेवली की ती चढावर चालल्यासारखी दिसायची. भाचा इंग्लंडमध्ये नवा असताना ऑफिसातले लोक त्याला तिथे घेऊन गेले होते, त्याने खिशातलं नाणं काढून तो प्रयोग केला होता, त्याचा व्हिडिओ अजून त्याच्या फोनमध्ये आहे.

आम्ही पोचलो तर तिथे कुंपण. कुंपणापलीकडे काही नाही. हे भाच्याला माहीत होतं बरं का! आम्हाला 'जागा' दाखवायला त्याने गाडी हाकली होती. जुलै २०२३ मध्ये मद्य कंपनीने हा पब विकला, ५ ऑगस्टच्या रात्री तिथे आग लागली, अरुंद रस्त्यावर मातीचे ढिगारे टाकलेले असल्यामुळे बंबांना धड पोचता आलं नाही, आणि दोन दिवसांत उरलेल्या भिंती जेसीबीने भुईसपाट झाल्या. नगरपरिषद म्हणते, आम्ही फक्त वरच्या मजल्याचा काही धोकादायक भाग काढायला सांगितला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोटीस निघाली की होता तसा पुन्हा बांधून द्या, तीन वर्षांच्या आत. त्यावर मालकांनी अपील केलं.

मी म्हटलं, "अरे, दारूचं दुकान पाडलं ना? मग सुतक धरल्यासारखा काय उभा आहेस?"

तो चिडलाच. म्हणाला, "मावशी, मी इथे आलो तेव्हा मला एक माणूस ओळखत नव्हता. मी राहायचो त्या खोलीजवळच्या कोपऱ्यावर एक पब होता. तिथे मंगळवारी प्रश्नमंजुषा असायची. क्रिकेटचं कुणाला काही येईना म्हणून त्यांनी मला त्यांच्या टेबलावर ओढलं. माझे इथले पहिले मित्र ते. मी तिथे कोकच प्यायचो."

"मग आता?"

"आता तिथे फ्लॅट झालेत."

परतीच्या वाटेवर त्याने बरंच सांगितलं, काही मी नंतर वाचलं. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. पिणं कमी झालं म्हणून बंद पडले म्हणावं तर तेवढंच नाही. सुपरमार्केटमध्ये तीच बिअर पबच्या मानाने फुकटात मिळते, म्हणजे लोक पितात, पण घरी सोफ्यावर बसून, एकटे. जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आली. (ती यायलाच हवी होती, याबद्दल माझं दुमत नाही.) मार्च २०२० मध्ये करोनाने सगळ्यांनाच टाळं लावलं, त्यातले काही पुन्हा उघडलेच नाहीत. मग विजेची बिलं वाढली. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट १९८९ मधली. मोठमोठ्या मद्य कंपन्यांच्या हातात फार पब एकवटले म्हणून सरकारने फर्मान काढलं की एवढे पब ठेवता येणार नाहीत, विका. त्यांनी विकले. घेतले कुणी? ज्यांना बिअर गाळता येत नाही पण जमिनीचा भाव कळतो अशा कंपन्यांनी. पब चालवणाऱ्याने त्यांना भाडंही द्यायचं आणि मालही त्यांच्याकडूनच, त्यांच्या दराने घ्यायचा. बाहेर तीच बिअर स्वस्त मिळत असली तरी आणायची सोय नाही. असल्या भाडेकरूंना कंपनीपासून संरक्षण देणारा नियम यायला २०१६ उजाडलं. तोवर पुष्कळांनी किल्ल्या परत करून टाकल्या होत्या. रिकामा पब विकला तर चालत्या पबपेक्षा जास्त पैसे येतात, हे एकदा मालकाच्या ध्यानात आलं की पुढचं सांगायला नको.

लंडनमध्ये कार्लटन टॅव्हर्न नावाचा पब असाच परवानगी न घेता एप्रिल २०१५ मध्ये पाडला. तिथले लोक मात्र हटले नाहीत. वीट न् वीट होती तशी बांधून द्यावी लागली आणि २०२१ मध्ये तो परत उघडला. हे वाचून मला फार बरं वाटलं. बिल्डरला गुडघे टेकताना बघायला मिळणं हे सुख कोल्हापूरला काय आणि लंडनला काय, विरळाच.

तर स्मेथिक. तिथे आम्ही पबसाठी गेलोच नव्हतो. ह्यांना वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, बघायची होती. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत ह्यांनी आयुष्य काढलं, आणि वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी १७९६ मध्ये उघडलेली सोहो फाउंड्री भाच्याच्या घरापासून इतकी जवळ आहे हे कळल्यावर त्यांनी खिडकी सोडली. पुढे तिथेच ॲव्हरी कंपनीचे वजनकाटे बनायचे. तेच ते, आपल्याकडच्या धान्याच्या दुकानात असायचे ते. तिकिटाची, माहितीपत्रकाची वगैरे अपेक्षा घेऊन गेलो. तिथे फाटक, भिंत आणि जुन्या इमारतींचं दुरून दर्शन. ज्याच्या इंजिनाने जग बदललं त्याच्या कारखान्याची ही कथा. दुसऱ्या एखाद्या देशाने तिथे रांगा लावल्या असत्या. हे फाटकाला हात लावून उभे राहिले आणि पाऊस सुरू झाला.

आता खरं कारण सांगते. मला बाथरूमला जायचं होतं. इंग्लंडात बाईमाणसाने फिरायचं तर हा प्रश्न डोक्यात धरूनच फिरावं लागतं. सार्वजनिक सोय बंद, दुकानात नाही म्हणतात. भाचा म्हणाला, "पबमध्ये जाऊ." कोपऱ्यावर एक विटकरी रंगाची जुनी इमारत होती. दार ढकललं तर बिअरच्या वासाआधी जिऱ्याच्या फोडणीचा वास आला.

असे पब तिथे बरेच आहेत, त्यांना देसी पब म्हणतात. स्मेथिक, वेस्ट ब्रॉमिच, डडली, सगळीकडे. बाहेरून अस्सल इंग्रजी. आत लाकडी काउंटर, पितळी दांडा, भिंतीवर वेस्ट ब्रॉमिच अल्बियनच्या फुटबॉल संघाचे फोटो, आणि काउंटरमागे पंजाबी मालकीण. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून काही विचारायच्या आधीच उजवीकडे बोट दाखवलं. मी परत आले तोवर हे एका टेबलापाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर चहा होता. गाळलेला, आल्याचा, दुधाचा. मालकिणीने माळ बघितली आणि स्वतःसाठी मागे उकळलेल्यातला अर्धा ह्यांना दिला. भाच्याच्या घरी आल्यापासून असा चहा मिळाला नव्हता.

शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे डॉमिनो खेळत होते. एक निळ्या पगडीचे, ऐंशीच्या पुढचे. दुसरे गोरे, चपटी टोपी, तेवढ्याच वयाचे. या खेळात आपल्याकडे लागणारा ठोकळा नसला की तोंडाने काही बोलायचं नाही, टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करायची. म्हणजे पास. तेवढाच आवाज. आमचे हे तो खेळ बघत होते. चहाचा कप उचलायला हात पुढे केला, बाही वर सरकली, आणि पगडीवाल्या आजोबांची नजर ह्यांच्या मनगटावर गेली. तिथे पांढरे बारीक ठिपके आहेत. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांचे. लग्न झालं तेव्हा मला ते कोडच वाटलं होतं.

आजोबांनी बोट दाखवलं आणि एकच शब्द उच्चारला. "फाउंड्री?"

ह्यांनी मान हलवली. आजोबांनी आपली बाही वर केली. तेच ठिपके, फक्त जास्त.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. ह्यांचं हिंदी म्हणजे अर्धं मराठी, आजोबांचं हिंदी म्हणजे अर्धं पंजाबी, पण कुपोला (लोखंड वितळवायची भट्टी), कोर, मोल्ड, स्लॅग हे फाउंड्रीतले शब्द दोघांचे सारखेच. वाळू तयार झाली की नाही हे कसं बघायचं यावर दोघांनी एकाच वेळी हवेत मूठ आवळली आणि उघडून अंगठ्याने मधोमध मोडून दाखवली, आणि हसायला लागले. टोपीवाले आजोबा पॅटर्नमेकर निघाले. म्हणजे ज्याच्या आकारावरून साचा घेतात तो लाकडी नमुना बनवणारे. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टीच साध्या पट्टीपेक्षा जराशी लांब असते, फुटामागे आठवा भाग इंच. ह्यांनी भाच्याला मध्ये घालून विचारलं, तुमच्याकडे ती पट्टी अजून आहे का? ते म्हणाले, आहे ना, घरी खणात आहे. नातवाने तिने पडद्याचं माप घेतलं आणि पडदे चुकले.

हे इतके हसले की माझा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी.

मधल्या काळात मी आणि भाच्याने मिक्स्ड ग्रिल मागवलं. माळ ह्यांची आहे, माझी नाही. चरचरणाऱ्या लोखंडी तव्यावर कांद्याच्या ढिगावर चॉप्स, सीख कबाब, चिकन टिक्का, वर लिंबू. माणशी एक मागवू नका, वाढपच एवढं असतं की घरी बांधून न्यावं लागतं. कोल्हापूरची बाई म्हणून मत देणं भाग आहे: चॉप्स लुसलुशीत, तंदूरचा धूर उत्तम, पण तिखट म्हणून जे काही म्हणतात ते आमच्याकडे बारशाच्या जेवणात चालेल. ह्यांच्यासाठी मालकिणीने पनीर वेगळ्या तव्यावर केलं आणि वेगळ्याच केलंय हे आवर्जून येऊन सांगितलं. पुण्याच्या किती हॉटेलांत हे होतं, सांगा मला.

पगडीवाले आजोबा १९६२ मध्ये आले. त्या वर्षी जुलैपासून राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर निर्बंध येणार होते, त्याआधी पोचायची घाई होती. जालंधरकडून थेट स्मेथिकच्या फाउंड्रीत. कामाची पाळी संपली की तोंडाला कोरड पडलेली असायची, सगळे पबकडे यायचे. आम्ही बसलो होतो ती गालिच्याची खोली म्हणजे जुनी स्मोक रूम. पलीकडची साध्या फरशीची, तो बार. काळ्या, गव्हाळ माणसांनी बारमध्ये घ्यायचं, स्मोक रूममध्ये पाऊल टाकायचं नाही. काही पबमध्ये बारमध्येही नाही. पाटी असायची असं नाही, पण दिलं जायचं नाही. आजोबा हे सांगताना आवाज चढवत नव्हते, कुठल्या कारखान्यात भट्टी कशी होती ते सांगावं तसंच सांगत होते.

१९६४ च्या निवडणुकीत याच स्मेथिकमध्ये काळ्या-गोऱ्यावरून इतका विखारी प्रचार झाला की देशभर गाजला. १२ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स इथे येऊन गेले. तेच, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल हे स्वतः फाउंड्री कामगार, त्यांनी माल्कम एक्सना इथल्या ब्लू गेट्स पबमध्ये नेलं. स्मोक रूममध्ये नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी सार्वजनिक जागी असा भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा लागू झाला. जौहल आणि त्यांचे सोबती तेवढ्यावर थांबले नव्हते. विद्यापीठातल्या गोऱ्या मुलांना बरोबर घेऊन पब पब फिरायचे, गोऱ्याला दिलं आणि भारतीयाला नाकारलं की नोंद करायची आणि परवाना नव्याने द्यायच्या वेळी हरकत घ्यायची. जौहल २०२२ मध्ये गेले. आमचे आजोबा म्हणाले, "माल्कम आया, उस दिन मेरी शिफ्ट थी." एवढंच. त्यांना अजून ते डाचत असावं.

मी टोपीवाल्या आजोबांकडे बघितलं. म्हटलं, यांना कळतंय का काय चाललंय? भाच्याने इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. त्यांनी ठोकळे हातात जुळवले. म्हणाले, "मी त्या वेळी या खोलीतच बसायचो. सगळं बघितलं. बोललो काही नाही."

कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी टेबलावर टकटक केली. पास. पगडीवाल्यांनी ठोकळा लावला आणि ह्यांना म्हणाले, कुपोलाला जाळायचा कोक कुठून यायचा तुमच्याकडे?

पुढचं मालकिणीने सांगितलं, मला आत तंदूर दाखवायला नेलं तेव्हा. सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात इथल्या फाउंड्र्या एकामागून एक बंद पडल्या. गोऱ्या कामगारांचा पगार गेला तसा पबचा गल्ला गेला. पब मातीमोल भावाने विकायला निघाले. तिच्या सासऱ्यांनी कारखान्यातून मिळालेले सगळे पैसे या इमारतीत घातले. ज्या खोलीत त्यांना उभं करत नव्हते ती खोली आता त्यांची. सासू मागे घरच्यासाठी कोंबडी शिजवायची, वास पुढे जायचा, गिऱ्हाईक म्हणायचं आम्हालाही द्या. असा धंदा सुरू झाला. "इमारत आमची आहे म्हणून टिकलो," ती म्हणाली. "भाड्यावर असतो तर केव्हाच गेलो असतो."

टोपीवाल्या आजोबांचा स्वतःचा पब दोन गल्ल्या सोडून होता. बाप तिथे जायचा, तेही जायचे. तिथली डॉमिनोची टीम, नाताळसाठी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायची भिशी, मयतानंतरचं चहा-सँडविच, सगळं तिथे. तो बंद पडला, तिथे घरं झाली. टीममधले चौघे चार ठिकाणी पांगले. एक वृद्धाश्रमात गेला, एकाने घराबाहेर पडणंच सोडलं. टोपीवाले इथे आले. बायको गेली आहे. रोज दुपारी दोनला येतात, अर्धा पाइंट बिअर घेतात, त्यावर तीन तास काढतात. त्यातून मालकिणीला काय सुटतं ते देव जाणे. पण एखाद्या दिवशी आले नाहीत तर तीन वाजता ती त्यांना फोन करते. गेल्या हिवाळ्यात फोन उचलला नाही म्हणून तिने नवऱ्याला धाडलं, तर आजोबा न्हाणीघरात पडलेले. तिने हे कांदा चिरता चिरता सांगितलं.

२०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारने एकटेपणाचं खातं एका मंत्र्याकडे दिलं, ही बातमी आली तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हसत नाही. पण मंत्री तीन वाजता फोन करत नाही.

तरी मी पबचे गोडवे गाणार नाही. मी ज्या चाळीत वाढले तिथे पगाराच्या संध्याकाळी बायका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहायच्या, नवरा गुत्त्याकडे वळायच्या आत पाकीट हातात पडावं म्हणून. मालकिणीला मी सरळ विचारलं, इथे असं नव्हतं? ती म्हणाली, "होतं ना. माझी सासू स्वतः उभी राहायची. आणि नंतर याच काउंटरमागे उभी राहिली, तेव्हा पगाराच्या दिवशी चौथा ग्लास मागणाऱ्याला घरी हाकलायची." बायका बसायच्या का इथे, तर आमच्याही नाही आणि गोऱ्यांच्याही फारशा नाही. आता रविवारी मुलाबाळांसकट येतात, टिक्का खातात, आज्या एका कोपऱ्यात. मला तो रविवार बघायला आवडला असता.

निघताना टोपीवाले मला "टारा अ बिट, बॅब" म्हणाले, म्हणजे 'बरंय, भेटू'. माझ्या वयाच्या बाईला बॅब म्हणतात तिथे, राग मानायचा नाही. हे बाहेर आल्यावर भाच्याला म्हणाले, उद्या परत यायचं का? आणि आम्ही परत गेलोच. त्याआधी वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायन पबमधली रंगीत काचांची खिडकीही बघितली. पंजाबी माणसांची या भागातली कहाणी चर्चमधल्या संतांच्या जागी काचेत बसवली आहे. फोटोत ती नीट येत नाही, म्हणून टाकलेला नाही. स्मेथिकच्या मार्शल स्ट्रीटवरची माल्कम एक्स यांच्या भेटीची निळी पाटीही बघितली.

स्कॉटलंडला जाऊन आलो. डोंगर, तळी, मेंढ्या, पाऊस. ह्यांना त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते वाटेत थोडं आडवळण घेऊन भाच्याने दाखवलेलं हेस्केट न्यूमार्केट नावाचं इवलंसं गाव. तिथला ओल्ड क्राउन हा पब २००३ मध्ये गावकऱ्यांनी भाग काढून सहकारी पद्धतीने विकत घेतला, ब्रिटनमधल्या तशा पहिल्या काही पबांपैकी एक. बिअर मागच्या कोठारात गाळतात, तीही सहकारी. २०११ च्या कायद्याने तर इंग्लंडमधल्या कुठल्याही वस्तीला आपला पब गावाच्या उपयोगाचा म्हणून नोंदवता येऊ लागला, आणि तो विकायला निघाला तर पैसे जमवायला सहा महिने मिळू लागले. लंडनच्या नन्हेडमधला आयव्ही हाउस असाच पहिल्यांदा नोंदवला गेला आणि २०१३ मध्ये लोकांनी घेतला. सहकार म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाचे कान टवकारणारच. ह्यांनी विचारलं, "संचालक मंडळाची निवडणूक होते का? पॅनेल पडतात का?" भाच्याने मोबाइलवर शोधायला घेतलं. ह्यांना वाटतं पडत असणार, फक्त सांगत नाहीत.

स्मेथिकच्या त्या पबचं काय होणार, ठाऊक नाही. मालकिणीचा मुलगा डेंटिस्ट आहे, सून फार्मसीत. "ते कशाला इथे रात्री बारापर्यंत उभे राहतील?" असं तीच म्हणाली, आणि त्यांनी राहू नये असंच तिलाही वाटतं. इमारतीला मागणी आहे. एका बिल्डरचं पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं मी बघितलं.

आणि डॉमिनोच्या टीमला चौथा भिडू हवा आहे. पगडीवाले, टोपीवाले, एक जमैकाचे गृहस्थ, आणि चौथे वसंतात वारले. बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या पबच्या टीमशी सामने असतात, तिघांवर खेळता येत नाही. ह्यांनी भाच्याचं नाव परस्पर सुचवून टाकलंय. तो तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर राहतो. दर रविवारी फोनवर मी विचारते, गेला होतास का? एकदा काम होतं, एकदा सर्दी होती. गेल्या रविवारी म्हणाला, मावशी, तिथे पार्किंगचा प्रॉब्लेम आहे. पबच्या मागे एवढं मोठं पटांगण आहे, मी स्वतः बघितलंय.